नळावर गेल्यावानी

दाराची खालची फळी फुटली व्हती. फुटली कसली, कुरतडली व्हती, दातानं आन नखानं, आन त्या भोकाच्या कडंला रगत लागलेलं. लेक सुमी मपल्या कडंवर, डोक्यावर चुंबळ तशीच, किल्ली पदराच्या गाठीत, कुलूप तर लावलेलंच. मी खाली बसून भोकातून हाक मारली, "चांद्या! ए चांद्या!" आत दाव्याचा तुकडा पडलेला, वल्ला, चघळलेला. चांद्या न्हाई.

"गेलं तुपलं भूत," मालकीणकाकू वसरीतून बोलली. खोली तिची, आमी भाड्यानं ऱ्हायलेले. "तू गेलीस की सुरू व्हतंय त्याचं. आज तर दारच खाल्लं. कुत्रं हाय का घूस?"

"काकू, कुणीकडं गेला?"

"मला काय सांगून गेलाय?"

मी पळाले. लातूरचा जिल्हा तवा नवा नवा झालेला, जिकडं बघावं तिकडं हापिसं बांधायला काढलेली, रस्त्यानं विटाचे आन वाळूचे ट्रक सारखे. दर ट्रकच्या चाकाखाली मला कायतरी तांबडं-पांढरं दिसायचं, जवळ गेले की पोतं असायचं, न्हाईतर चिंधी. सुमी कडंवर हिंदकळायली, रडायली, आन मला तिचं रडणंच ऐकू येईना. कुणाला इचारावं? मला त्या गावात रस्ता इचारायची बी भीती वाटायची. शेवटी दम तुटला तवा बांधकामावर, मपल्या कामावरच परत गेले. तर वाळूच्या ढिगावर मपली पाटी पालथी ठेवलेली, आन त्या पाटीला नाक लावून चांद्या पडलेला. व्हट फाटलेला, पुढच्या पायाचं नख उलटलेलं. जेवायच्या सुट्टीत मी एका गल्लीनं घरी गेले, आन तो दुसऱ्या गल्लीनं मला हुडकत आला. मला बघून उठला बी न्हाई. नुसती शेपटी वाळूवर एकडाव आपटली.

सांजच्याला काकूनं सुमीच्या बापाला दारात गाठलं. "येत्या बाजारापस्तोर कुत्र्याचं काय ते बघ. न्हाईतर तुमी तरी जा, न्हाईतर ते तरी."

सुमीचा बाप तसा कुणाला वंगाळ बोलत न्हाई. फळीच्या भोकात हात घालून बघितला, आन म्हणला, "बार्शी रोडला सोडून येतो. धाब्यावर खाऊन पिऊन ऱ्हाईल." मी चांद्याच्या पायाला हळद लावत बसले.

हे मी कुणासाठी लिव्हायली? तुमच्यासाठीच. तुमी, ज्या मुखेडकडून, हदगावकडून, हिमायतनगरकडून गाठोडं बांधून अशा नव्या गावात आलात, त्या. आन ज्यांना आपण मागं ठेवलं, त्या बी. मी सातवीपस्तोर शिकले. जसं बोलते तसंच लिव्हते, पुस्तकातलं मला येत न्हाई.

मपलं सासर मुखेडच्या आल्याड, माळावरचं गाव. सासू म्हंजी मपली सख्खी आत्याच, बापाची बहीण, म्हून मी तिला लग्नानंतर बी आत्याच म्हणते. सासरा न्हाई. घरात आत्या, आमी दोघं, दोन तांबडे बैल, आन चांद्या. कपाळावर पांढरा ठिपका म्हून चांद्या. पिलू व्हतं तवापासनं दोन बैलाच्या मधी झोपायचा. थंडीत बैल श्वास सोडायचे आन त्याच्या अंगावरचे केस हालायचे. कवा बैलानं चुकून पाय दिला न्हाई त्याला.

मंग पाऊस गेला. एक साल गेला, आन दुसऱ्या सालाला तर ढगं बी यायचे बंद झाले. आड आटला. आमी बाया नदीच्या वाळूत झरा उकरायचो, वाटीनं पाणी भरायचो, आन त्या वाटीत आभाळ दिसायचं, पांढरं, धुतल्यावानी. कडबा सरला तवा आत्या म्हणली, "डोळ्यापुढं मरण्यापरीस कुणाच्या तरी दावणीला जगू द्या." आन बैल बाजाराला काढायचे ठरले.

आमच्या घरात एक रीत हाय. उंबऱ्याच्या बाहेर लांब निघणारं माणूस असू दे न्हाईतर जनावर, आत्या त्याला अशीच जाऊ देत न्हाई. कपाळाला कुंकू लावायचं, गुळभाकरीचा घास तोंडात द्यायचा, आन पाठीवरून हात फिरवायचा, सावकाश, मानंपासून शेपटापस्तोर. ती म्हणायची, "बिगर घासाचं कुणी उंबरा ओलांडू नये. मागं घर रिकामं ऱ्हातंय." तिनं बैलाला तसं केलं. पाणी न्हाई म्हून पाय धुतले न्हाईत, वल्ल्या फडक्यानं नुसते पुसले. चांद्या मधी उभा, एकदा ह्या बैलाकडं बघतोय, एकदा त्या. बैल गेले. आन सांजच्याला सुमीचा बाप एकलाच आला, खांद्यावर दोन दावी घेऊन. तुमाला ठावं हाय, जनावर इकलं तरी दावं देत न्हाईत. दावं दिलं तर दावणीची बरकत जाती म्हणतेत. आत्यानं ती दोनी दावी खुंटीला लावली. चांद्या त्या दाव्याखाली जाऊन बसला आन वर बघत ऱ्हायला, जसं काय त्या दाव्यातून बैल खाली उतरणार हायत.

मंग सुमीच्या बापाला लातूरला राखणदाराचं काम लागलं, नव्या हापिसाच्या बांधकामावर. त्याला बी आत्यानं कुंकू लावलं, घास दिला, पाठीवर हात फिरवला. तो बी गेला. चांद्यानं ते बी बघितलं. आन एक दिवस कडब्याचा ट्रक गावात माल टाकून रिकामा लातूरला निघाला, त्यात मी आन सुमी.

त्या दिवशीचं मला समदं सपनात बघितल्यावानी आठवतंय. ट्रकमधी कडब्याचा भुस्सा उडायला व्हता, उन्हात सोन्यावानी. आत्यानं मला कुंकू लावलं, थोडं नाकावर सांडलं. सुमीच्या तोंडात गूळ. तिनं पाठीवरून हात फिरवला आन म्हणली, "येत जा बाई. दिवा लावायला मी हाय." "आत्या, तू बी चल की," म्या म्हणले. "मी आल्यावर दार कोण उघडंल तुला?" चांद्याला तिनं खुंट्याला बांधलं व्हतं, तिच्या सोबतीला. ट्रक निघाला. माळावर आला तवा मागं बघितलं तर धुळीत एक ठिपका, पांढऱ्या कपाळाचा, गळ्यात तुटकं दावं. नदीच्या कोरड्या पात्रापस्तोर पळत आला. डायवर मुसलमान माणूस, म्हातारा, त्यानं आरशात बघितलं आन गाडी थांबवली. "बाई, तुमचा पाव्हणा ऱ्हायला. घ्या वर, न्हाईतर हितंच मरंल." मी रडायले आन हासायले बी. चांद्या वर आला, भुश्शात पडला, आन लातूर येईपस्तोर मपल्या पदराचं टोक दातातून सोडलं न्हाई.

आत्या मागं एकलीच उभी ऱ्हायली असंल. तवा मला ते सुचलंच न्हाई.

तर आता तुमीच बघा, अशा कुत्र्याला खोलीत कोंडून मी रोज पाट्या वाहायला जायची. आन कशी जायची? सकाळी भाकऱ्या झाल्या की त्याला जवळ घ्यायची. आत्यानं शिकवलेलं, मला दुसरं काय ठावं? त्याच्या कपाळावरच्या चांदाला कुंकवाचं बोट लावायची, गुळभाकरीचा घास द्यायची, पाठीवरून हात फिरवायची, मानंपासून शेपटापस्तोर, आन सांगायची, "रडू नगं राजा, येती बरं का." मपलेच डोळे भरायचे. मला वाटायचं, एवढी माया करून निघाल्यावर त्याला बरं वाटत असंल. आन तो थरथर कापायचा. घास खायचा न्हाई. गूळ त्याच्या जिभंवर तसाच वितळायचा. मी कडी लावली की आतून जो आवाज निघायचा तो कुत्र्याचा वाटायचाच न्हाई, आडात कोण पडल्यावानी वाटायचा.

म्या काय केलं न्हाई? आधी मोकळा ठेवला, तर त्यानं चूल उकरली. बांधून बघितला, तर दावं तोडलं. काळा दोरा बांधला. एकीनं सांगितलं, तोंड बांध. ते मपल्यानं झालं न्हाई. एकदा निघताना घुटमळले, तीनदा परत आत गेले, तर त्या दिवशी सगळ्यात जास्त रडला.

फळी खाल्ली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुमीचा बाप चहा पीत बसलेला. मी चांद्याला कुंकू लावायले. तो बघत ऱ्हायला आन हासून म्हणला, "अगं, कामाला निघालीस का त्याला बाजाराला धाडायलीस?"

मपलं बोट तसंच हवंत ऱ्हायलं.

चांद्या मपल्या बोटाकडं बघायला व्हता, कुंकवाकडं. आन मला दिसलं. मला बैल दिसले, कपाळाला हेच कुंकू. त्यांच्या तोंडात हाच गूळ. मंग सुमीच्या बापाची पाठ, मंग मपली. हे झालं की जाणारं परत येत न्हाई, खुंटीवर नुसतं दावं येतंय. कुत्र्याला बाकी काय कळतंय, मला ठावं न्हाई. पर एवढं त्यानं पाठ केलं व्हतं. आन मी रोज सकाळी, माया करून करून, त्याला तेच सांगायली व्हते.

"कुंकू पूस त्याचं," सुमीचा बाप हळूच म्हणला. तो आता हासत नव्हता. पदरानं पुसलं. त्यानं कप खाली ठेवला, म्हणला, "बाजारापस्तोर बघ काय जमतंय का. तवर म्या बार्शी रोडचं नाव काढत न्हाई."

त्या दिवशी कामाला गेलेच न्हाई. मुकादमाला निरोप धाडला, लेकरू आजारी हाय म्हून. सुमी तर ठणठणीत, घरात पदराशी खेळायली. मी तिच्यासंग आपलं नेहमीचं करायले, पदर तोंडावर घ्यायचा, लपायचं, आन पदर काढून म्हणायचं, कुक! ती आधी बावरायची, व्हट काढायची, आन तोंड दिसलं की खदाखदा हासायची. परत पदर, परत कुक. आता तर पदर तोंडावर घेतला तरी ती बावरत नव्हती. पदराकडं बघून आधीच हासायची. तिला ठावं झालं व्हतं की पदराच्या मागं माय हाय, कुठं जात न्हाई.

मी चांद्याकडं बघितलं. म्हणले, चल रे, तुपल्यासंग बी तेच खेळू.

आधी मी नुसती चुंबळ उचलली. तो लगेच उठला, कान पाडून. मी चुंबळ डोक्यावर ठेवली आन चुलीपुढं जाऊन बसले, भाजी निवडत. तो बघतोय. चुंबळ डोक्यावर हाय आन बाई तर भाजी निवडायली! असं लई येळा केलं. पाटी उचलायची, परत ठेवायची. किल्ली वाजवायची आन झोपायचं. शेवटी तो बेजार झाला, जांभई दिली आन डोकं पायावर टाकलं. मंग दाराबाहेर एक पाय, लगेच आत. मंग दोनी पाय. दार लोटायचं, एक श्वास घ्यायचा, आत यायचं. आत आले तरी त्याच्याकडं बघायचं न्हाई, लाड न्हाईत, "आले रे मपल्या राजा" न्हाई. बाई बाहेर गेली आन आली, त्यात काय मोठं? नळावर जावं आन यावं, तसं.

गल्लीतल्या बायांना तमाशा मिळाला. "हिला काय झालंय? घरातून निघती, कोपऱ्यावरच्या कडूलिंबापस्तोर जाती, परत येती."

"लातूरचं ऊन लागलं असंल डोक्याला."

"नवऱ्यानं हाकलली असंल, आन परत घेत बी असंल," काकू म्हणली, आन समद्या हासल्या. मी बी हासले. त्या गावात येऊन बायासंग पहिल्यांदाच हासले असंल.

सकाळी अंधूक असताना त्याला मोकळ्या रानाकडं न्यायची, दमूस्तोर पळवायची. सुमी पाठीला, मी अनवाणी, आन तो पुढं. तिकडं नव्या रस्त्यासाठी खुणंचे दगड रवलेले, त्या दर दगडापाशी तो थांबायचा, वास घ्यायचा, जसं काय त्या जिल्ह्याची हद्द त्यालाच मोजायचीय. घरी आला की दमून पडायचा. मंग मपलं जुनं लुगडं, न धुतलेलं, घामाचं, त्याच्या खाली हातरायची. मी न्हाणीत गेले की आत्या सुमीच्या पाळण्यात मपलं लुगडं टाकायची ना, तसं. आन नारळाच्या करवंटीत भाकरीचा चुरा थापून ठेवायची. ती करवंटी फकस्त मी निघताना द्यायची, आले की उचलून घ्यायची. पहिल्यांदा त्यानं तिकडं बघितलं बी न्हाई. मंग एक दिवस मी लिंबाखालून कान देऊन ऐकलं, आतून करवंटी फरशीवर घासल्याचा आवाज, करर करर. मी लिंबाच्या बुंध्याला डोकं टेकून रडले. लोकांना वाटलं घरात कोण गेलं.

सोपं व्हतं असं न्हाई. एकदा लिंबाच्या पुढं वाण्याच्या दुकानापस्तोर गेले, तितं बोलत बसले, आन आतून पुन्हा तो आडातला आवाज सुरू झाला. पाय घराकडं पळायले. पर म्या पाय आवरले. रडताना आत गेले तर त्याला वाटंल, रडलं की बाई येती. दारात उभी ऱ्हायले, भिंतीला पाठ लावून, घाम पुसत, तो श्वास घ्यायला थांबला तेवढ्यात गपगुमान आत शिरले. दुसऱ्या दिवशी परत लिंबापासून सुरू केलं. त्या दिवसात ह्या खेळाबिगर चांद्याला म्या एकला सोडलाच न्हाई. कामाला गेले की संग न्यायची, वाळूच्या सावलीला बांधायची. मुकादम कुरकुर करायचा, "आता कुत्र्याची बी हजेरी लावू का?"

बाजाराचा दिवस आला. काकू दारात आली, मी घाबरले. ती म्हणली, "काल तुपलं कुत्रं गप कामून व्हतं गं? मेलं का काय म्हून मी भोकातून बघितलं. तर माझ्याकडंच बघायलं, शेपटी हालवायलं." मंग म्हणली, "भोकाला पत्रा ठोक. आन मी घरीच असते, दिवसाला एकदा हाक मारत जाईन." खोली बी ऱ्हायली, चांद्या बी.

मंग कवातरी असं झालं की मी पाटी घेऊन दिवसभर जायची आन सांजच्याला कडी काढायची, तर चांद्या लुगड्यावर झोपलेला, एक डोळा उघडायचा, परत मिटायचा. मला बघून उठायचं बी त्याला काय वाटत नव्हतं. बाई येणारच व्हती, आली. मला काय सांगू किती बरं वाटायचं, आन कुठंतरी खोल कायतरी टोचायचं बी. आतापस्तोर त्या गावात मपल्यावाचून अडणारं तेच एकलं व्हतं.

लातूरची बी सवय लागली. गंजगोलाईत जायला भीती वाटंना. सुमी चालायला लागली, विटाच्या तुकड्यांशी खेळायची, आन बोलायची शहरातल्या लेकरावानी, "आई" म्हणायची, "माय" न्हाई. मी आत्याचा इचार करायची तर तिचं तोंड नीट दिसायचं न्हाई, नुसता हात दिसायचा, दिवा लावताना ज्योतीच्या पुढं धरलेला.

पुढच्या पोळ्याला गावाकडं गेलो. सुमीच्या बापाला सुट्टी मिळाली न्हाई, मी, सुमी आन चांद्या, वाळूच्या ट्रकातून मुखेडपस्तोर, पुढं पायी. रानात जरा हिरवं व्हतं, म्हाताऱ्याच्या दाढीवानी इरळ. आत्या दारात उभी. वाळलेली. तिनं सुमीला कडंवर घेतलं. गोठ्यात बघते तर काय, आत्यानं खुंटीवरची दोनी दावी काढून धुतलेली, त्यांना हळदकुंकू लावलेलं, गोंडे बांधलेले, आन पुढं पुरणाचा निवद. बैल न्हाईत तर तिनं दाव्याचा पोळा केला व्हता.

चांद्या सरळ तितं गेला, दोन दाव्याच्या मधी बसला, आन झोपला. माणसाला माहेरी लागती ना, तशी झोप.

दोन दिवस ऱ्हायले. आत्या काय मागायची बाई न्हाई. निघायच्या सकाळी चूल फुंकत, मपल्याकडं न बघता म्हणली, "ह्याला ऱ्हाऊ दे की हितं. दारात कुणीतरी हाललेलं दिसतंय. न्हाईतर दिवसभर मला माझाच आवाज ऐकू येत न्हाई."

म्या म्हणले, "आत्या, तूच चल."

"दावी खुंटीला हायत बाई. दावण हाय तितं माणूस पायजे."

चांद्या उन्हात पडलेला. मी इचार करायले. संग नेला तर आत्या एकली. ठेवला तर, ज्यानं दार खाल्लं, पायाचं नख उलटं केलं, त्याला? मंग आठवलं, तो आता मपल्याबिगर ऱ्हातो. म्याच शिकवलंय. मी गेले तर येते, हे त्याच्या हाडात बसलंय. म्हून तर त्याला ठेवता येणार व्हतं. आन म्हूनच ठेवताना हात जळायला व्हता.

जुनं लुगडं गाठोड्यातून काढून त्याच्या खाली टाकलं. करवंटीत भाकरी थापली. आन मागं वळले तर आत्या उभी, एका हातात कुंकवाचा करंडा, दुसऱ्या हातात गुळभाकरी. नेहमीची. तिचं बोट कुंकवात बुडालेलं.

"आत्या, नगं," म्या म्हणले.

"काय नगं?"

"कुंकू नगं लावू आज. पाठीवरून हात बी नगं फिरवू. त्यानं बघितलं तर..." मला पुढं सांगताच येईना. सासूला, त्यात सख्ख्या आत्याला, असं कोण म्हणतंय? तिचा हात वरच्यावर ऱ्हायला. ती मपल्याकडं बघायली, चांद्याकडं बघायली, खुंटीवरच्या दाव्याकडं बघायली. मंग तिनं करंड्याला झाकण लावलं. गुळभाकरी सुमीच्या हातात दिली, खेळायला दिल्यावानी. आन चांद्यापाशी खाली बसली, सुपात ज्वारी घेतली, खडे निवडायली.

"जा," सुपातच बघत म्हणली. "नळावर गेल्यावानी जा. आमच्याकडं बघू नगं."

आमच्याकडं म्हणली ती. त्याच्याकडं न्हाई.

मी सुमीला कडंवर घेतलं, गाठोडं उचललं, आन उंबरा ओलांडला. जन्मात पहिल्यांदा बिगर कुंकवाची, बिगर घासाची. चांद्यानं एक कान हालवला, करवंटी पायात धरली. करर करर. ज्वारीचा एकएक दाणा सुपात वाजायला. मी माळापस्तोर मागं बघितलं न्हाई, आन माळावर बघितलं तर धुळीत कुठं ठिपका नव्हता.

आता मी लातूरला हाय. पत्रा ठोकलेलं दार हाय, कडी काढली की आत कोण न्हाई. काकू इचारती, "कवा आणायलीस गं त्याला?" मुखेडच्या बाजाराला येणाऱ्या एका बाईनं आत्याचा निरोप आणला. "चांगलं हाय कुत्रं. रडत न्हाई. दारात बसतंय, रस्त्याकडं बघतंय, सांज झाली की उठून आत येतंय. मी बी तसंच करते."

घर कुठं म्हून कुणी इचारलं तर मी आधी गावाचं नाव सांगायची, मंग लातूरचं सांगायला लागले. आता मला तो उंबराच दिसतो, तो एकलाच, ज्याच्या आत दोघं बसलेत आन दोघांना बी वाटतंय मी नळावर गेलीय. येत्या सुट्टीला जाणार हाय मी. जाईन, आन परत निघावं लागंल, परत तसंच, पाठ करून. किती डाव असं गेल्यावर त्यांना कळंल, का कळलंच हाय आन ते मला दाखवत न्हाईत?

तुमी सांगा बायांनो, तुमी बी उंबरे ओलांडलेत. त्या सकाळी तुमी काय केलं असतं? चांद्याला उचलून संग आणलं असतं, आत्याला सूप घेऊन एकलीला बसू दिलं असतं? का कुंकू लावून घेतलं असतं, पोटभर रडून, त्याला बघू दिलं असतं समदं? का मपल्यावानीच गेला असता, मागं न बघता?